जांबोटीच्या लाल मशीनला ताप आलाय

जांबोटी,
मंगळवार, दुपारचं जेवण झाल्यावर

तीर्थस्वरूप मष्णूमामा आणि सौ. मामी यांच्या पायांवर साईनाथचं डोकं. (डोक्याला ग्रीस लागलंय, म्हणून पाय लगेच पुसून घ्यावेत.) मी इकडं खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, त्यावर विश्वास ठेवू नये. मामा, तुमचा गुडघा कसा आहे? मामीची बीपीची गोळी रोज चालू आहे का, का "आज बरं वाटतंय" म्हणून परत डबीतच राहते? आणि घरातले चारी माग कसे आहेत? तीन नंबरचा अजून खोकतो का? वडगावात तुमच्या हाताखाली होतो तवा त्या खडखडाटानं माझं डोकं उठायचं आणि एक दिवस मी पळालो, हे खरं. पण आता इथं रानात मला तोच आवाज आठवतो आणि डोळ्यांत पाणी येतं. त्याचं कारण लांबलचक आहे. चहा ठेवायला सांगा आणि मग पुढं वाचा.

फोन सोडून पत्र का, तर इथं रेंज नाही. आपला गुंडू दुबईला गेला, तो त्याच्या आईला रोज व्हिडिओवर दिसतो, ताटात काय वाढलंय ते वाटीसकट दाखवतो. मी गेलो जांबोटीला, बेळगावातून एका बसच्या अंतरावर, आणि आईला महिना महिना माझा आवाज नाही. (निपाणीत ती गल्लीत सांगते, "पोरगं लई लांब असतंय." कुठं ते कुणी विचारत नाही, आणि तिनं सांगूही नये.) रेंज पाहिजे असली तर टेकडीवर चढून एका विशिष्ट दगडावर उभं राहावं लागतं, आणि त्या दगडावर बहुतेक वेळा म्हैस बसलेली असते. त्यामुळं हे पत्र यमनाप्पाच्या हातून पाठवतो. यमनाप्पा म्हणजे आमच्या रिसॉर्टचा आचारी, इथलाच, बाजाराला बेळगावात येतो. त्याला चहा द्या पण स्वयंपाकघरात सोडू नका, खोबरं दिसलं की त्याचा हात राहत नाही.

आता मशीन. तुम्ही एटीव्ही पाहिली नाही म्हणून सांगतो. मोटारसायकलला चार जाड चाकं लावायची आणि तिला वेड लागू द्यायचं, झाली एटीव्ही. म्हैस डबक्यातून उठून रागानं बघते, तशी दिसते, फक्त लाल. रिसॉर्टवर तीन आहेत. दोन गरीब स्वभावाच्या, लहान पोरांना फिरवायच्या. तिसरी ही लाल, स्पोर्ट म्हणतात तिला, उभी असली तरी पळून गेल्यासारखी वाटते. पुण्याचे, बेंगळूरचे पाहुणे येतात आणि पैसे मोजून अंगावर चिखल उडवून घेतात. (आपल्याकडं चिखलात रुतलं की माणूस इकडं तिकडं बघतो, कुणी बघितलं का म्हणून. इथं रुतले की आधी फोटो काढतात.) आमचे मॅनेजर नागेंद्र सर हुबळीचे. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, मशीनमधलं काय येतं? मी म्हणालो, चार मागांच्या मधे पाळणा होता माझा. त्यांना काय समजलं देव जाणे, त्यांनी लाल मशीनची चावी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, दिवाळीच्या गर्दीत ही एकदा जरी बंद पडली नाही तर तुला इन्चार्ज करतो. इन्चार्जला टी-शर्ट असतो, खिशावर 'इन्चार्ज' असं शिवलेलं असतं. बंद पडली तर मात्र हुबळीहून फिटर येणार आणि मी भांडी घासायला यमनाप्पाच्या हाताखाली.

हे मी तुम्हाला गणपतीत बोललो आणि तुम्ही लगेच बेळगुंदीच्या मारुतीरावांना सांगून आलात की आमचा भाचा मशीन इन्चार्ज आहे. मी दोष देत नाही. तंबाखूच्या वखारीत शिंका येतात म्हणून पळालेला, हायवेच्या हॉटेलात कप फोडून पळालेला, तुमच्या मागावरून पळालेला, अशा भाच्याचं स्थळ घेऊन जायचं तर काहीतरी सांगावंच लागतं. पण मामा, त्यांची करिष्मा बेळगावात स्कूटरच्या शोरूमला सर्व्हिसच्या काउंटरवर बसते. गाडीला काय होतंय ते दिवसभर लोकांच्या तोंडून ऐकून लिहून घेते. अशा पोरीला फसवायला देवाचं तोंड पाहिजे. मी तिला एकदाच बघितलंय, त्या शोरूममधेच, काउंटरच्या काचेतून. ती एका माणसाला सांगत होती, "काका, गाडी खराब न्हाय, तुमी स्टँड वर न घेता चालवत आलाय." तेव्हापासून मला दुसरं कुणी नको.

म्हणून मी मशीनचं काही कमी केलं नाही. रोज धुतली. खंडेनवमीला तर असं केलं की हुबळीचा फिटरसुद्धा करणार नाही. त्या दिवशी मशीन हलवायची नाही ही आपली रीत, माग बंद तर बंद, म्हणून मी तिच्यापुढं मांडी घालून बसलो आणि पुण्याच्या पाहुण्यांना चावी दिली नाही. (फार बोलले. मी हळदीकुंकू लावत राहिलो.) हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मामीनं मुद्दाम बसच्या कंडक्टरकडून पाठवलेली पुरचुंडी बांधली. आपल्या प्रत्येक मागाच्या पोटाला असते तशीच, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी, साडीच्या तुकड्यात गुंडाळून आपल्याच मागाच्या धाग्यानं आवळलेली. मामीनं निरोप दिला होता, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी बांध आणि पुढच्या खंडेनवमीपर्यंत सोडायची न्हाय. तशी जागा शोधून बांधली. आणि बरोबर दसऱ्यापासून मशीन आजारी पडली. मामा, माणसानं अजून काय करायचं?

पहिल्यांदा आवाज आला टक, टक, टक. तुमच्या मागावर धोटा पेटीवर आपटतो तसा, पण ताल सोडून. खड्ड्यात जास्त, सपाटीवर कमी. मला तुमची आठवण झाली. तुम्ही गल्लीच्या तोंडावर उभं राहून सांगता, दोन नंबरच्या मागाचा पिकर सैल झालाय म्हणून, आणि चप्पल न काढता नीट करता. मी डोळे मिटून ऐकलं. मला एवढंच कळलं की आवाज येतोय. चेन सैल असंल म्हणून चेन ताणली, तर टक टक तशीच आणि वर चेनची किरकिर. किरकिर घालवायला चेन परत ढिली केली. चाकांचे नट आवळले, सीट काढून परत बसवली, सायलेन्सरला हलवून बघितलं (तापलेला होता, डाव्या हाताची बोटं अजून वाकत नाहीत, अक्षर वाईट आहे त्याचं कारण ते नव्हे, ते आधीपासूनच तसं आहे). मग दोन दिवसांनी दुसरा आवाज सुरू झाला, खर्र, खर्र, जशी मांजर खिरीचं पातेलं चाटते. आणि त्यानंतर लाल दिवा. लाल दिवा म्हणजे मशीन तापली. तीन चकरा मारल्या की ताप, दोन मारल्या की ताप, शेवटी शेवटी पाहुणा नुसता हेल्मेट घालायला लागला की ताप.

सगळ्यांनी सल्ला दिला. नागेंद्र सर आले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, "एनप्पा साईनाथा, एनायतु?" म्हणजे काय झालं बाबा. ह्या प्रश्नाचं उत्तर मला कन्नडमधे येत नाही आणि मराठीतही येत नव्हतं. मी कूलंट बघितलं. ते हिरवं पाणी असतं, कोथिंबिरीचं सरबत केल्यासारखं, ते रेडिएटरमधे फिरतं आणि इंजिन थंड ठेवतं. कमी होतं, भरलं. तापली. आत हवा अडकली असंल म्हणून झाकण उघडून बुडबुडे काढले, बाळाला ढेकर काढतात तसे. तापली. पुढच्या जाळीवर पाइपनं पाणी मारून चिखल धुतला, बाहेरून चकचकीत झाली. तापली. मग यमनाप्पा हात पुसत आला आणि म्हणाला, "लेका, ह्या रानात नवीन चाक आनलंस, राखणदाराला नारळ दिलास काय?" नव्हता दिला. दिला. यमनाप्पानं तो प्रसाद म्हणून त्याच दिवशी आमटीत घातला, आमटी चांगली झाली, मशीन तापली.

मग कंपनीला फोन करायचं ठरलं. म्हणजे टेकडीवरच्या दगडावर जायचं, आणि आवाज ऐकवायचा म्हणून मशीनसकट. मी तिला चढावर घेऊन गेलो. वाटेत टकटक, खर्र, लाल दिवा, सगळी वरात. दगडावरच्या म्हशीला उठवलं, फोन लागला. तिकडून एक बाई गोड हिंदीत म्हणाल्या, आवाज रेकॉर्ड करून पाठवा. मी मशीन उभी करून फोन धरला, आणि मामा, ती गप्प. टक नाही, खर्र नाही. पाहुणे आल्यावर पोरं कशी शहाणी होऊन बसतात, तशी. मी तो आवाज पाठवला. त्या बाई म्हणाल्या, सर, मशीन एकदम बढिया है, पीछे भैंस की आवाज़ आ रही है.

आणि अशात रविवारी मारुतीराव आले. कळवून नाही, तर पोराला कामावर बघायचं म्हणून अचानक. सकाळच्या बसनं उतरले, फाट्यापासून चालत आले, पांढरी टोपी, हातात छत्री. नागेंद्र सर समोरच उभे. त्यांनी विचारलं, कोण? मी म्हणालो, माझे... आणि पुढचा शब्द अजून झालेला नव्हता म्हणून गिळला. मारुतीराव म्हणाले, "मशीन कुटली तुमची?" मी दाखवली. म्हणाले, "फिरवा की मला." मी म्हणालो, आज तिला जरा... "बिघडलीया काय?" मी म्हणालो, न्हाय. (माणसाचं वाटोळं एवढ्या लहान शब्दात होतं.) त्यांना मागं बसवलं. त्यांनी एका हातानं टोपी धरली, एका हातानं मला, छत्री काखेत, तिचं टोक माझ्या बरगडीत. आणि निघालो.

ओढ्यापर्यंत देवानं साथ दिली. टकटक होत होती, तर मी मुद्दाम मोठ्यानं बोलत राहिलो, हे जांभळीचं झाड, हे किंजळ, ज्याचं नाव माहीत नव्हतं त्यालाही नाव दिलं. ओढ्याच्या पुढं खर्र सुरू झालं. मी गाणं म्हटलं. मग लाल दिवा लागला, त्यावर मी अंगठा ठेवला. मग पुढून वाफ यायला लागली, आणि वाफेवर किती अंगठे ठेवणार? मशीन थांबली. भर रान, चहूकडं झाडी, घर नाही, माणूस नाही. मारुतीराव उतरले, नाक वर केलं आणि म्हणाले, "हिकडं कुनाच्या घरात खोबऱ्याची चटनी चाललीया?"

मामा, तेव्हा मला वास आला. इतके दिवस मी तो वास घेत होतो आणि समजत होतो की यमनाप्पाचा स्वयंपाक सगळ्या रानात पसरतो. मारुतीराव वासाच्या मागं गेले, मशीनच्या तोंडापुढं उकिडवे बसले आणि जाळीतून आत बघायला लागले. मी पण बघितलं. मामीची पुरचुंडी. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून मी तिला जाळीच्या आत, रेडिएटरच्या बरोबर छातीवर बांधली होती. चिखल पिऊन पिऊन ती भाकरीएवढी झालेली, वारा यायच्या जागेवर थापल्यासारखी बसलेली. सुपारी आणि वाटी जाळीवर आपटत होती, ती टकटक. उभी असली की आपटत नाही, म्हणून दगडावर गप्प. आणि उरलेल्या धाग्याचं टोक मी बाजूनं आत खोचलं होतं, ते मागच्या पंख्यात जाऊन गुंडाळलेलं, ती खर्र, आणि पंखा पुरता अडकला की तीही बंद. पंखा फिरेना, वारा येईना, कूलंट उकळतंय आणि वर खोबरं भाजतंय. (मामा, तुमचा हा धागा मागावर दिवसातून इतक्यांदा तुटतो की तुम्ही व्यापाऱ्याच्या नावानं बोटं मोडता. इथं त्यानं परदेशी पंखा धरून ठेवला आणि सुटला नाही. व्यापाऱ्याला सांगा.)

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. आजार सापडला होता! मी जाळीत हात घातला, पुरचुंडी ओढणार, तेवढ्यात मारुतीरावांनी माझं मनगट धरलं. "हां हां! हात लावू नगंस! खंडेनवमीची हाय न्हवं ती?" मी म्हणालो, व्हय. "कुनी बांधली?" मी म्हणालो, मीच. आणि त्यांचा चेहरा असा उजळला जसा एखाद्याचा गेलेला बैल परत दावणीला आलाय. म्हणाले, आजकालच्या पोरांना खंडेनवमी म्हणजे सुट्टी वाटते. आमच्या पॉवर टिलरलाबी असती. ज्यानं मशीनची रीत पाळली तो बायकोचीबी पाळंल. मी म्हणालो, पण अण्णा, तिच्यामुळंच तापतीया. ते म्हणाले, "तापू दे. तिच्यामुळं तापतीया आसं म्हनू नगं. तिच्यामुळं एवढ्यावर निभावलं. पुढच्या खंडेनवमीपतोर सुटली तर माझं सोयरीकीचं बोलनं बी सुटलं म्हनून समज."

मग आम्ही दोघांनी ती मशीन ढकलत आणली. सोयरीक जमल्याच्या आनंदात ते ढकलत होते आणि मी रडत. संध्याकाळच्या बसपर्यंत ते तिच्यापुढं खुर्ची टाकून बसले, येणाऱ्या जाणाऱ्याला जाळीतून पुरचुंडी दाखवत. सुदैवानं नागेंद्र सरांना मराठी कमी येतं, त्यांना वाटलं म्हातारा रेडिएटरला नमस्कार करतोय. जाताना मारुतीरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि सरांनी येऊन सांगितलं की शनिवारी पुण्याचा मोठा ग्रुप आहे, लाल मशीन चालली पाहिजे, नाहीतर हुबळीला फोन.

म्हणजे बघा. पुरचुंडी काढली तर मशीन बरी होते, मी इन्चार्ज होतो, आणि करिष्मा जाते. नाही काढली तर करिष्मा मिळते, पण भांडी घासणाऱ्याला, आणि भांडी घासणाऱ्याला कोण देतंय? दोन दिवस मी मशीनपुढं बसून आहे. आजार माहीत असलेला आणि औषधाला हात लावता न येणारा वैद्य जगात मीच असेन. मला वाटतं मशीनला नाही, मलाच दृष्ट लागलीय. तीन नंबरचा माग रिकामा ठेवा. मी परत येतो, खोकला तर खोकू दे, मी त्याच्याशेजारी खोकत बसेन. लग्नाचं नशिबात नाही. आईला एवढंच सांगा, पोरगं लांब होतं ते आता जवळ येतंय.

तुमचा, न कळवता पळणारा पण ह्या वेळी कळवून पळणारा भाचा,
साईनाथ

ता.क. यमनाप्पाची बस हुकली म्हणून लिहायला वेळ मिळाला. खरं तर पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते वर राहूनच गेलं. मामीला एवढंच विचारा, पुरचुंडी सोडायची नाही, पण न सोडता सरकवली तर चालते का? म्हणजे गाठ तशीच ठेवायची, नुसती जाळीतून काढून सीटखाली बांधायची. सीटखालीही कुणाची नजर पडत नाही, पाहुणे बसलेले असतात. मामी हो म्हणाली तर तुम्ही गुडघ्याला जरा त्रास देऊन बेळगुंदीला जा आणि मारुतीरावांना सांगा की पुरचुंडी करून देणारीनं स्वतः परवानगी दिली आहे. शनिवारच्या आत. तीन नंबरचा माग तोपर्यंत कुणाला देऊ नका, पण घासून पुसून पण ठेवू नका.

ता.क. दुसरा. आज बुधवार. सकाळच्या बसच्या कंडक्टरनं खाली उतरून, सगळी बस खिडकीतून बघत असताना, माझ्या हातात एक नवी पुरचुंडी दिली. मारुतीरावांनी पाठवलीय. त्यांचं म्हणणं, मशीन मोठी, एका पुरचुंडीला आवरत नाही, म्हणून शेजारी दुसरी बांध. मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. पण कंडक्टर जाईना. म्हणाला, बांधलीया पोरीनं, आणि तिचा वेगळा निरोप हाय, बा नसताना दिलाय. "सीटखाली बांधा म्हनावं, आनि जुनीबी तिथंच घ्या. रेडिएटरवर गोनपाट टाकलं तर कुटलीबी गाडी तापतीया, हे त्यांना कळत नसंल तर काउंटरवर येऊन लिहून द्या म्हनावं. बाला मी बघते." बस हसली. मी पण हसलो. पुरचुंडी हातात घेतली तर हलकी, आत खोबरं नाहीच, नुसतं हळकुंड. सगळा विचार करून बांधलेली. मामा, वर लग्नाचं नशिबात नाही असं जे लिहिलंय ते खोडायला शाई वाया घालवत नाही, तुम्हीच ते वाचू नका.

ता.क. तिसरा आणि शेवटचा, यमनाप्पा पिशवी घेऊन उभा आहे. दोन्ही पुरचुंड्या सीटखाली शेजारी शेजारी आहेत, पंख्यातला धागाही उकलून काढला. मशीन दुपारपासून थंड आहे, मुकी आहे, नागेंद्र सर तिच्यावर बसून ओढ्यापर्यंत जाऊन आले. फक्त एक झालं. जुनीची गाठ चिखलानं कुजली होती, सरकवताना ती आपोआप सुटली, मी सोडली नाही. वाटी बाहेर पडली, छान खरपूस भाजलेली, आणि यमनाप्पा शेजारीच उभा होता. मी वळेपर्यंत त्यानं लसूण घातला होता. सरांनी जेवताना चटणी दोनदा मागून घेतली आणि शनिवारच्या पाहुण्यांना हीच पाहिजे म्हणाले. म्हणून मामीनं परवानगी दिली तर ती कालच्या, मंगळवारच्या तारखेची द्यावी, आणि सोबत खोबऱ्याच्या दहा-बारा वाट्या पाठवाव्यात. कशाला ते मारुतीरावांना सांगू नये.